फेस आला म्हणजे जंतू मेले?

दुचाकी घसरून गुडघा फुटला की पेठेतल्या कुठल्याही मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली येते. मग कुणीतरी हमखास सांगतं, "बघ कसा फेस येतोय, जंतू मरतायत!" पुण्यात घरोघरी ऐकू येणारा हा समज चुकीचा आहे.

फेस म्हणजे नुसते ऑक्सिजनचे बुडबुडे. कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि ते आपल्याच रक्तात भरपूर असतं. जंतू नसलेल्या रक्तावर थेंब टाका, तरी फसफसणारच.

गंमत पुढे आहे. हेच विकर अनेक जिवाणूंकडेही असतं, बचावासाठी. मायक्रोबायोलॉजीची मुलं काचपट्टीवरच्या जिवाणूंवर पेरॉक्साइडचा थेंब टाकून हीच चाचणी करतात: स्टॅफिलोकोकस फसफसतो, स्ट्रेप्टोकोकस नाही. म्हणजे जंतूंपुरता फेस ही उलट प्रतिकाराची खूण!

ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू तर फारच बेरकी. त्याच्यातलं 'ऑक्सीआर' हे प्रथिन पहारेकऱ्यासारखं काम करतं. पेशीत पेरॉक्साइड किंचित वाढलं, की या प्रथिनातल्या दोन सिस्टीनांमध्ये (गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये) गंधकाचा बंध जुळतो, त्याचा आकार बदलतो आणि कॅटलेजसह बचावाची अनेक जनुकं जोमाने चालू होतात. धोका टळला की बंध सुटतो. सौम्य मात्रा आधी चाखलेले जिवाणू एरवी मारक ठरणाऱ्या मात्रेतही तगतात.

बाटलीतलं ३ टक्क्यांचं द्रावण जंतू मारतच नाही, असं नाही. पण जखमेत ते झटपट विघटित होतं, शिवाय जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करतं. साधं खरचटलं असेल तर नळाखाली धरा आणि साबणाने धुवा. जखम खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.