मोंतेपुल्चानो: एक द्राक्ष, एक गाव

‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्झो’ आणि ‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ या एकाच इटालियन वाइनच्या साध्या आणि भारी आवृत्त्या आहेत, असं दुकानदार बिनदिक्कत सांगतात आणि गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून मोकळं होतं. या दोन बाटल्यांत द्राक्षही एक नाही आणि प्रांतही एक नाही.

नोबिलेची बाजू थोडक्यात. टस्कनी प्रांतात, सिएना जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावर मोंतेपुल्चानो नावाचं गाव आहे. तिथली ही वाइन किमान ७० टक्के सांजोवेझेची असते. गावकरी त्या द्राक्षाला प्रुन्योलो जेंतीले म्हणतात. म्हणजे टस्कनीच्याच कियांती वाइनचं द्राक्ष. आपल्या अकलूजलाही सांजोवेझे पिकतं, त्यामुळे त्याचा आंबटपणा आणि जीभ आवळणारा तुरटपणा अनेकांच्या ओळखीचा आहे. विक्रीआधी किमान दोन वर्षं मुरवणं बंधनकारक. १९८० पासून तिला इटलीचा सर्वोच्च, डीओसीजी दर्जा आहे.

गोंधळ होतो तो पुढे. आब्रुत्झोच्या बाटलीवरचं मोंतेपुल्चानो हे गाव नव्हे, ते द्राक्षाचं नाव. आब्रुत्झो हा प्रांत रोमच्या पूर्वेला, एका अंगाला अपेनाइन्स पर्वत आणि दुसऱ्या अंगाला एड्रियाटिक समुद्र. हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्याला लांबलेला उबदार शरद लागतो. म्हणून ते मध्य आणि दक्षिण इटलीत रमतं, थंड उत्तरेत नीट पिकत नाही. नियमाने वाइनमध्ये ते किमान ८५ टक्के हवं. सालीत रंग भरपूर, त्यामुळे पेल्यातली वाइन जांभळट काळी दिसते. सांजोवेझेची माणकासारखी, कडेला विटकरी होत जाणारी लाली तिच्यात नसते, आणि आंबटपणाही सौम्य असतो. दोन पेले शेजारी ठेवले तर चव घेण्याआधीच फरक कळतो. आणि टस्कनीच्या त्या गावात नोबिले या द्राक्षाची बनत नाही, हे तर आवर्जून लक्षात ठेवावं.

लेबल वाचताना ‘दि’नंतरचा शब्द पाहा (‘दाब्रुत्झो’ म्हणजे ‘दि आब्रुत्झो’च): तिथे मोंतेपुल्चानो असेल तर ते गाव. आब्रुत्झो असेल तर मोंतेपुल्चानो हे द्राक्ष. मेन्यूवर नुसतं ‘मोंतेपुल्चानो’ छापणाऱ्या रेस्टॉरंटांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

(नावात साधर्म्य असलेलं मोंताल्चिनो हे वेगळंच गाव, ब्रुनेल्लो या वाइनचं. तीही सांजोवेझेच, पण शंभर टक्के.)

मटणाच्या तिखट रश्श्यासोबत मी नेहमी आब्रुत्झोच उघडेन. तिखटात नोबिलेचा तुरटपणा अंगावर येतो. तिला भाजलेलं मांस आणि जुनं पेकोरीनो चीज द्यावं. नोबिले परवडत नसेल तर तिच्याऐवजी आब्रुत्झो घेऊ नका. त्याच गावची, त्याच द्राक्षाची, कमी मुरवलेली ‘रोस्सो दि मोंतेपुल्चानो’ मागा.