झाकण उघडणारे फोन आणि सीलबंद फोन : पार्श्वभूमी

गोव्यात जुन्या स्मार्टफोनांचा विषय निघाला की आधी नोकिया ६६०० चं नाव येतं. मग एन-७०, एन-७३ येतात. घरातलं कोणी बोटीवर किंवा गल्फात नोकरीला असेल तर एन-९५ सुद्धा येतो. पडदा आणि कॅमेरा यांवर कोणी फार वेळ घालवत नाही, कारण त्या बाबतीत आजचा स्वस्तातला स्वस्त स्मार्टफोनही त्यांना मागे टाकतो. गप्पा रंगतात त्या मागच्या झाकणावर. फोन हँग झाला, झाकण सरकवलं, बॅटरी काढली, पुन्हा बसवली, फोन सुरू. ही सोय गेली कशी, आणि ती परत येणार असं जे दोनेक वर्षं बोललं जातंय त्यात किती दम आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. परदेशात १९९४ साली टच पडद्याचा पहिला फोन विकायला आला आणि १९९६ मध्ये नोकियाचा वहीसारखा उघडणारा कम्युनिकेटर फोन आला, पण त्यांचा इकडे काही संबंध आला नाही. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. पुढे कित्येक वर्षं आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी ६६०० बाजारात आला. भारतीयांच्या आठवणीत स्मार्टफोनची सुरुवात इथून होते, आणि ते बरोबरच आहे.

६६०० ची अंगकाठी आज वाचली तर हसू येईल : २.१ इंचांचा पडदा, व्हीजीए कॅमेरा, आतली मेमरी ६ एमबी. पण त्यात सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, बाहेरून सॉफ्टवेअर घालता येत होतं, ब्लूटूथ होतं. आणि पोटात होती बीएल-५सी. हीच बॅटरी टॉर्चवाल्या नोकिया ११०० मध्येही होती आणि २००५ च्या एन-७० मध्येही. म्हणजे घरातला सगळ्यात महाग फोन आणि आजीचा सगळ्यात साधा फोन यांची बॅटरी एकच. पावसाळ्यात आडगावी लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नसे, तेव्हा या गोष्टीला किंमत होती. मुलाच्या ६६०० मधली बॅटरी संपली की ११०० मधली काढून त्यात घालायची, आजीने तोवर वाट बघायची. बीएल-५सी अजूनही जिवंत आहे. जत्रेच्या फेरीत भजनं वाजवणारे जे छोटे स्पीकर मिळतात, त्यांतल्या कित्येकांचं मागचं दार उघडून पाहावं.

झाकणाखाली दुसरी एक गोष्ट असे, ती म्हणजे सिम कार्ड. दूरसंचाराच्या हिशेबात गोवा स्वतंत्र नाही, महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, म्हणजे सेवा-विभागात, आहे. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला, सावंतवाडीला गेलं तरी फोन आपल्याच सर्कलमध्ये राही. पोळे ओलांडून कारवारला किंवा घाट चढून बेळगावला गेलं की मात्र रोमिंग सुरू, आणि त्या काळी रोमिंगमध्ये आलेल्या फोनचेही पैसे कापले जात. बेळगावात सोयरीक असलेल्या घरांत पाकिटात तिकडचं एक सिम हमखास असे. ते बदलायचं तर बॅटरी काढावीच लागे. पुढे दोन सिमांचे देशी फोन धडाधड खपले त्यामागे ही भानगडही होती. दिल्लीच्या बातम्यांत ती कधी नीट आली नाही, कारण सीमेवर राहणाऱ्यालाच ती कळते.

या बॅटरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानेच जाहीर केलं की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात एका पुरवठादाराने बनवलेल्या बीएल-५सी चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात. आकडा होता ४ कोटी ६० लाखांचा. देशभर घबराट उडाली आणि लोक झाकणं उघडून बॅटरीवरचे नंबर वाचत बसले. नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट तर आधीपासूनच होता. सीलबंद फोनांची बाजू घेणारे आजही हाच दाखला देतात : सुटी बॅटरी म्हणजे नकली बॅटरीला आमंत्रण. त्यात तथ्य आहे. पण बॅटरी सुटी होती म्हणूनच ती घरच्या घरी ओळखून काढून ठेवता आली, हेही त्याच दाखल्यात आहे. २०१६ मध्ये एका सीलबंद महागड्या मॉडेलच्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा अख्खे फोन परत घ्यावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं.

पहिला आयफोन २००७ चा. त्याचं मागचं अंग उघडत नव्हतं. भारतात आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये आला, ८ जीबीची किंमत ३१,००० रुपये. तेव्हा पणजीत ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावरच्या दुकानांत तो बघायला जाणारे पुष्कळ, घेणारे थोडे. बोटीवरून सुटीत घरी आलेल्यांनी मात्र त्याआधीच परदेशी मोबाइल कंपनीच्या सिमवरच चालणारे आयफोन आणून इकडे अनलॉक करून घेतले होते. बॅटरी काढता येत नाही हे ऐकून लोक चक्रावत. तरी पुढची सहा-सात वर्षं बाकीच्या बहुतेक फोनांची झाकणं उघडतच राहिली. अँड्रॉइड आलं, देशी ब्रँड आले आणि गेले, पण नखाने झाकण काढायची सवय टिकली.

मग झाकण बंद झालं ते का? इथेच खरा वाद आहे. कंपन्या दोन-तीन कारणं देतात. सुट्या बॅटरीला कडक कवच लागतं, आत बसवलेल्या पाऊच बॅटरीला लागत नाही, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त क्षमता बसते. फोन पातळ होतो. काच आणि धातूची अंगं करता येतात. ही कारणं खरी आहेत. पण ग्राहकाच्या, विशेषतः आपल्यासारख्या पावसाच्या मुलखातल्या ग्राहकाच्या गळी जे उतरवलं गेलं ते चौथं कारण : झाकण बंद केल्याशिवाय फोन पाण्यात टिकत नाही.

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात हे कोणालाही पटेल. बॅटरीच्या खणातला पांढरा ठिपका भिजून लाल झाला आणि दुकानदाराने वॉरंटी नाकारली, ही कहाणी इथे घरोघरी आहे. फोन भिजला की तांदळाच्या डब्यात पुरायचा, हा उपायही घरोघरी. (तांदळाने काही होत नाही, उलट कणी आणि भुसा आत जातो. २०२४ मध्ये एका कंपनीने तसं लेखी बजावलंसुद्धा.) बॅटरी सुटी असताना पहिला इलाज हातात होता : ती काढून वीज तोडणं. सीलबंद फोन भिजून बटणं चालेनाशी झाली की ते करता येत नाही.

आता २०१४ चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस-५ पाहा. त्याचं प्लास्टिकचं झाकण नखाने उघडत होतं, आत २,८०० एमएएच (क्षमतेचं माप) ची सुटी बॅटरी होती, झाकणाच्या आतल्या बाजूने रबराची बारीक कड फिरवली होती आणि आयपी-६७ चं प्रमाणपत्र होतं, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. पुढच्याच वर्षी आलेला एस-६ काचेचा आणि पातळ. त्याचं झाकण बंद, बॅटरी २,५५० एमएएच आणि पाण्यापासून संरक्षणाचं प्रमाणपत्र नाही. म्हणजे सुटी बॅटरी गेली, क्षमता घटली आणि पाण्यातली हमीही गेली. ती हमी परत आली २०१६ च्या एस-७ मध्ये. पाण्यासाठी फोन सीलबंद करावा लागला, हे या क्रमात बसवून दाखवणं अवघड आहे. रबराची कड कालांतराने सैल होते, झाकण नीट दाबलं नाही तर पाणी शिरतं, हे आक्षेप योग्यच. पण आयपीच्या चाचण्या गोड्या पाण्यातल्या असतात, खाऱ्या पाण्याची जबाबदारी कंपन्या घेत नाहीत, आणि पाण्याने झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत येत नाही. कळंगुटच्या लाटेत भिजलेल्या सीलबंद फोनचं काय होतं ते म्हापशातला कोणताही दुरुस्तीवाला सांगेल.

सीलबंद बॅटरीचा खरा हिशेब २०१७ च्या डिसेंबरात बाहेर पडला. बॅटरी जुनी झाली की फोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, हे आयफोनच्या कंपनीने मान्य केलं. फोन मध्येच बंद पडू नये म्हणून तसं केलं, हे त्यांचं स्पष्टीकरण. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड २०२० मध्ये झाली, फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला. बॅटरी बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा पळतो हे तेव्हा कित्येकांना प्रथमच कळलं. ज्यांनी ६६०० वापरला होता त्यांना ते सांगावं लागत नव्हतं.

युरोपातल्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. ‘जुने दिवस परत’ असे मथळे यावरूनच आले. पण फोनांसाठीचा वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे आणि त्यात पळवाट आहे : ५०० वेळा चार्ज केल्यावर ८३ टक्के आणि १,००० वेळा केल्यावर ८० टक्के क्षमता उरत असेल, आणि फोन धूळ व मीटरभर पाणी अर्धा तास सोसत असेल, तर घरच्या घरी बॅटरी बदलण्याची अट सुटते. महागड्या फोनांना हे जमण्यासारखं आहे. म्हणजे अट उरते ती मुख्यतः स्वस्त फोनांना. भारतात २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल आलं. सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती तिथे मिळते, झाकण उघडं असावं अशी सक्ती त्यात नाही.

गोव्यात परदेशातून येणाऱ्या फोनांमुळे युरोपचा नियम आपसूक इथे पोचेल असं काहीजण म्हणतात. पण पोर्तुगीज पासपोर्टावर परदेशी गेलेल्या गोवेकरांपैकी पुष्कळजण इंग्लंडात आहेत, आणि इंग्लंड आता युरोपीय संघात नाही.