गॅस गिझर हवा किती खातो?

नळ सोडला की आत टकटक ठिणग्या पडतात, ‘भप्प’ असा आवाज होतो आणि काही सेकंदांत नळाला कढत पाणी येतं. भिंतीवरच्या त्या डब्यात टाकी नसते, साठवलेलं पाणीही नसतं. असते ती तांब्याची वळणदार नळी, तिच्यावर दाटीवाटीने बसवलेले पातळ पत्रे आणि खाली जाळ. पाणी या नळीतून वाहतं तेवढ्याच वेळात तापतं. इतक्या घाईने पाणी तापवायला जाळ केवढा लागत असेल?

मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. थोडी धुराबरोबर वाया जाते, म्हणून जाळ धरा 12 किलोवॉटचा. स्वयंपाकाच्या शेगडीचा मध्यम बर्नर दोन-सव्वादोन किलोवॉटचा असतो. म्हणजे पाच-सहा बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखं झालं, तेही घरातल्या सगळ्यात लहान खोलीत आणि आतून कडी लावून!

आता हवेचा हिशोब. एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू असतात. एक लिटर प्रोपेन पुरता जळायला 5 लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळपास 24 लिटर हवा. ब्युटेनला 31 लिटर. 12 किलोवॉटच्या जाळाला मिनिटाला साधारण 200 लिटर हवा लागते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. बाथरूममधल्या हवेचं खरं गिऱ्हाईक गिझर आहे. आंघोळ करणारा आपला नावापुरता.

दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाथरूममध्ये हवा असते साडेसात घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत त्यातल्या दोन घनमीटरमधला ऑक्सिजन जळून जातो. बाहेरची हवा अजिबात येत नसेल, तर ऑक्सिजनचं प्रमाण कागदावर 21 टक्क्यांवरून 15-16 वर उतरतं. पण तिथवर जाण्याआधीच, 18 टक्क्यांच्या आसपास, ज्योत बिघडू लागते. पुरेसा ऑक्सिजन मिळतो तेव्हा गॅसमधल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन कमी पडला की काही कार्बन अर्ध्या वाटेवर अडकतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘गॅसचा वास येत नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे’ असं आपण धरून चालतो. तो वास गॅसचा नसतोच. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. तो गॅसबरोबर जळून जातो. मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो घशात खवखवतही नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. हिमोग्लोबिनवर जो ऑक्सिजन उरतो, तोही मग पेशींना सहजी सुटत नाही. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1895 साली हा वायू स्वतःच हुंगून लक्षणं टिपून ठेवली होती: डोकेदुखी, धाप, अंधारी, हातापायातलं बळ जाणं. बाथरूममध्ये यातली शेवटची दोन सगळ्यात घातक. ‘बाहेर जाऊया’ असं वाटेपर्यंत पाय ऐकेनासे झालेले असतात. कोणी आत कोसळलेलं सापडलं, तर आधी पाय घसरला असेल किंवा फीट आली असेल असं वाटतं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे दगा देतो. त्याला मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही आणि तो बिनधास्त 98 दाखवतो. म्हणून अशा माणसाला आधी उघड्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य सांगायचं ते ‘गिझर चालू होता’. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन लावला तर साधारण दीड तास.

अनेक गिझर 20 मिनिटांनी आपोआप बंद होतात. सोय चांगली आहे, पण ती प्रत्येक वेळी नळ सोडल्यापासून मोजते. घरातले चौघं एकामागोमाग आंघोळीला गेले, तर गिझरचं घड्याळ चारदा शून्यावर येतं. बाथरूममधली हवा मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मला विचाराल तर चौथ्या नंबरच्या माणसाची काळजी जास्त. दोन आंघोळींच्या मध्ये दार आणि खिडकी काही मिनिटं सताड उघडी हवीत.

खरा उपाय म्हणजे गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवणं आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणणं. ज्याचा जाळ बंद पेटीत असतो आणि जो हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडतो, असा गिझरही चालतो. हे जमण्यासारखं नसेल तर निदान दोन झरोके हवेत, एक जमिनीलगत आणि एक छताशी. जळलेली गरम हवा वरून जाते, ताजी खालून येते. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळालाच तर तो फरशीवर पसरतो, त्यालाही खालचाच झरोका लागतो. गळतीची शंका आली तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. गॅसचा वास येत असेल तर दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही.

धूर नेणारी नळी असलेल्या गिझरजवळ एक्झॉस्ट पंखा लावला, तर उलटंच होऊ शकतं. पंखा जितकी हवा बाहेर फेकतो, तितकी कुठून तरी आत यायलाच हवी. दार-खिडकी घट्ट असेल तर ती धुराच्या नळीतूनच येते आणि बाहेर जायचा धूर सोबत परत आणते.

ज्योतीवरही नजर हवी. निळी, आखीव ज्योत चांगली. पिवळं टोक म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापलेले कण, म्हणजेच काजळी. एकदा आमच्या गिझरची ज्योत अशी पिवळट आणि आळसावल्यासारखी डोलू लागली. मेकॅनिकने झाकण काढलं, तर बर्नरमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. इवलंसं, पण हवा अडवायला पुरेसं. वरच्या पत्र्यांच्या फटी काजळीने निम्म्या बुजलेल्या. ब्रशने साफ करून त्याने गिझर पेटवला, दार लावलं, पंखा सुरू केला आणि पाच मिनिटं थांबून काडेपेटीतली एक काडी पेटवून विझवली. तिचा धूर त्याने गिझरच्या वरच्या फटीजवळ धरला. धुराची रेघ खोलीत आमच्याकडे वळली. त्याने पंखा बंद केला, दुसरी काडी काढली. या वेळी रेघ सरळ फटीत शिरून वर गेली. पंख्याची वायर त्याने तिथेच काढून ठेवली.