पारो म्हणजे संप नव्हे

स्पेनमध्ये डिझेल भडकलं की ट्रक रस्त्याकडेला उभे राहतात आणि आपल्याकडे ठरलेला मथळा येतो: ‘स्पेनमध्ये ट्रकचालक संपावर’. मग कोणीतरी विचारतं, ‘पगार किती आहे हो त्यांचा?’ मार्च 2022 मध्ये ज्यांनी गाड्या उभ्या केल्या, त्यातल्या बहुतेकांना पगार नव्हताच. गाडी त्यांची, हप्ता त्यांचा, डिझेल त्यांचं.

स्पॅनिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: वेल्गा आणि पारो. वेल्गा म्हणजे आपला ओळखीचा संप. पगारी माणूस, समोर मालक, मधे कामगार संघटना. 1978 च्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमाने हा हक्क कामगारांना दिलाय. 28 ऑक्टोबर 2024 ला बस आणि ट्रकचालकांनी निवृत्तीचं वय कमी करा म्हणून काम थांबवलं, ती वेल्गा. किमान किती बस धावल्याच पाहिजेत, तेही तेव्हा रीतसर ठरवून दिलं गेलं. यात न समजण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो पारोपाशी. शब्दाचा अर्थ नुसता ‘थांबणं’. त्यातून बेकारी आणि बेकारभत्ता यांनाही पारोच म्हणतात, त्यामुळे यांत्रिक भाषांतरात गाड्या उभ्या करणारे ट्रकवाले अधूनमधून बेरोजगार होऊन बसतात. ते हसून सोडून देता येतं. पण पारोला ‘संप’ म्हटलं की अख्खी बातमी उलटी वाचली जाते.

कारण कायद्यात आहे. स्वतःची गाडी आणि स्वतःच्या नावावर वाहतुकीचा परवाना असेल, तर स्पेनच्या कामगार कायद्यानुसार तो माणूस कामगार नाही. वर्षानुवर्षं एकाच कंपनीचा माल वाहिला, त्या कंपनीचं नाव ट्रकवर रंगवलं, तरी नाही. 1994 मध्ये ही तरतूद आली आणि 1998 मध्ये घटनात्मक न्यायालयानेही ती उचलून धरली. अशा माणसाला म्हणतात आउतोनोमो. स्टिअरिंगवर तोच, क्लीनरही तोच, पण कागदावर उद्योजक. उद्योजकाला संपाचा हक्क कुठला? तो फक्त धंदा बंद ठेवू शकतो. म्हणून 2022 मध्ये मोठ्या कामगार संघटनांनी त्या पारोला ‘मालकांचा बंद’ म्हटलं. कायद्याने बरोबर, पण एका गाडीच्या मालकाला ‘मालक’ म्हणून हिणवणं मला तरी पटत नाही.

आपल्याला हा फरक अनोळखी नाही. जुलै 2018 चा चक्का जाम गाडीमालकांचा होता. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध उतरले ते ड्रायव्हर. स्पेनचा गुंता एवढाच, की तिथे मालक आणि ड्रायव्हर बरेचदा एकाच केबिनमध्ये, एकाच सीटवर बसलेले असतात.

गाडी चालवण्याचे नियम पगारी ड्रायव्हर आणि आउतोनोमो दोघांना सारखेच. दिवसाला 9 तास, साडेचार तासांनी 45 मिनिटं विश्रांती, चालवण्याच्या वेळेची नोंद ठेवणारा टॅकोग्राफ दोघांच्याही गाडीत. त्यावरून ओळखायला जाऊ नका.

मंदी आली की मात्र वाटा फुटतात. पगारी ड्रायव्हरला काढलं तर त्याला बेकारभत्ता मिळतो, जास्तीत जास्त दोन वर्षं. आउतोनोमोला कोणी काढत नाही. भाडं कमी होत जातं, एवढंच. रिकामी परत येण्यापेक्षा पडेल त्या भावात माल घ्यायचा, कारण बँकेचा हप्ता मंदी बघत नाही. धंदा बंद केल्यावर मिळणारी मदत त्यालाही आहे, पण तोट्याचं कारण दिलं तर वर्षाच्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त तोटा कागदांवर सिद्ध करावा लागतो. म्हणजे आधी नीट बुडायचं, मग हात पुढे करायचा.

आता 14 मार्च 2022 कडे बघा. डिझेल लिटरला 1.8 युरोच्या वर गेलेलं, आणि छोट्या गाडीवाल्यांच्या ‘प्लाताफोर्मा’ या संघटनेने पारो पुकारला. सरकार आधी त्यांच्याशी बोलायलाच तयार नव्हतं, कारण वाहतूकदारांची अधिकृत समिती वेगळी. त्या समितीशी 25 मार्चला करार झाला, लिटरमागे 20 सेंटची सवलतही ठरली. तरी गाड्या उभ्याच! संप म्हणून वाचणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण त्यांचा झगडा सरकारपेक्षा माल देणाऱ्यांशी आणि मधल्या दलालांशी होता: खर्चापेक्षा कमी भाड्यात माल वाहायला लावणं बेकायदा करा. ही मागणी पगाराची नव्हे, भावाची. 20 दिवसांनी, 2 एप्रिलला, पारो स्थगित झाला आणि ऑगस्टमध्ये तसा कायदा आला.

त्या कायद्यातही ‘खर्च’ म्हणजे सरसकट सरकारी दर नव्हे, तर त्या-त्या वाहतूकदाराचा प्रत्यक्ष खर्च. त्यामुळे रात्री पार्किंगमध्ये जेवण उरकून टायर, टोल, विमा, डिझेल यांची बेरीज करत बसणं आता आउतोनोमोच्याच वाट्याला. पगारी ड्रायव्हर तोवर झोपलेला असतो.