चर्चच्या आवाराची भिंत आणि फाटक (इंग्लंड)

इंग्लंडमधील पॅरिश चर्चभोवतीच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला गाव-परिसर) दफनभूमीची हद्द आणि तिच्यातली ये-जा करण्याची वाट. आतली जमीन पवित्र मानली जाई, म्हणून कुंपण आवश्यकच. पण पडलेली भिंत बांधायची कोणी, हा प्रश्न शतकानुशतके चालू राहिला. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा पहिल्या एडवर्डच्या आज्ञेने दफनभूमी विनाकुंपण टाकणाऱ्यांना शिक्षा करण्याचा चर्चच्या न्यायालयांचा अधिकार मान्य झाला. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६०४च्या नियमावलीने चर्चवॉर्डनांना (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या बिगर-पाद्री कारभाऱ्यांना) बजावले, की भिंत असो, कठडा असो वा फळ्यांचे कुंपण, जिथे जशी वहिवाट असेल तसे ते धडधाकट राखावे.

ससेक्स परगण्यात यावर झकास तोड निघाली. कुंपणाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका शेताच्या नावे लावून दिला, की शेत कसणाऱ्याने तो सांभाळायचा. काउफोल्ड येथील कुंपण या वाटणीसाठी प्रसिद्ध आहे.

फाटकाला दोन परस्परविरोधी कामे असतात: गुरे बाहेर ठेवायची आणि शवपेटी आत घ्यायची. ससेक्समधलेच टॅप्सेल फाटक दोन्ही साधते. ते कडेच्या बिजागरीवर नव्हे, मधोमध रोवलेल्या खांबावर फिरते. जरासे ढकलले की दोन्ही बाजूंना वाट मोकळी होते आणि पेटीचे खांदेकरी खांबाच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकतात. फ्रिस्टन, ईस्ट डीन, जेव्हिंग्टन अशा मोजक्याच गावांत ती उरली आहेत.

अधिक परिचित ते छपराचे लिचगेट. १६६२च्या प्रार्थना-पुस्तकानुसार पाद्री प्रेताला आवाराच्या तोंडाशी सामोरा जातो. तोवर पेटीला विसावा या छपराखाली. जुनी वाटणारी बरीचशी लिचगेट प्रत्यक्षात व्हिक्टोरियन काळातली किंवा पहिल्या महायुद्धाची स्मारके आहेत.

शतकानुशतकांच्या दफनांमुळे आतली जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा उंच होते. मग भिंतीला मातीचा दाब पेलावा लागतो आणि ती बाहेर फुगते. चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरणे हा घातक उपाय: ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

भिंत ‘लिस्टेड’ (सरकारी संरक्षित वास्तूंच्या यादीतली) असो वा नसो, तिच्यात मोठा फेरफार करायला साधारणतः डायोसीसची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची, परवानगी लागते. दफनासाठी कायद्याने बंद झालेल्या आवाराची देखभाल मात्र १९७२च्या कायद्यानुसार चर्चला पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे गावपातळीवरच्या नागरी स्थानिक संस्थेवर, सोपवता येते. त्या कौन्सिललाही तीन महिन्यांच्या आत ठराव करून ती पुढे वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे ढकलण्याची मुभा आहे.