व्हिडा गॅली

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉडच्या किनाऱ्याजवळ बुडालेले चाच्यांचे जहाज. १९८४ मध्ये बुडालेल्या जहाजांचे शोधक बॅरी क्लिफर्ड यांच्या पथकाला त्याचे अवशेष सापडले.

जहाज मूळचे गुलामांच्या व्यापाराचे, लंडनमध्ये बांधलेले. आजच्या बेनिनमधील विदा या गुलामांच्या बाजारपेठेवरून त्याला नाव मिळाले. आफ्रिकेतून आणलेली माणसे कॅरिबियन बेटांवर विकून ते इंग्लंडला परत निघाले असता, फेब्रुवारी १७१७ मध्ये सॅम्युएल बेलामी या चाच्याने ते पकडले. पुढे ज्याचा ‘खजिना’ म्हणून गाजावाजा झाला, त्यातला बराचसा ऐवज असा माणसांच्या विक्रीतून आलेला होता. बेलामीला तो फार काळ लाभला नाही. २६ एप्रिलच्या रात्री वेलफ्लीटजवळ वादळात जहाज उलटले. सुमारे दीडशेपैकी दोघेच वाचले : टॉमस डेव्हिस हा सुतार आणि जॉन ज्युलियन हा मध्य अमेरिकेतील मिस्किटो जमातीचा वाटाड्या.

मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने पाठवलेला सिप्रियन साउथॅक हा कप्तान व नकाशाकार पोचेपर्यंत वाहून आलेले बरेच सामान गावकऱ्यांनी घरी नेले होते. त्याच्या हाती फारसे काही लागले नाही, पण त्याने काढलेला नकाशा पावणेतीनशे वर्षांनी क्लिफर्ड यांच्या कामी आला. तेथे पाणी उथळ आहे. अडचण वाळूची होती. नौकेच्या पंख्याचा झोत वाकड्या नळांतून तळाकडे सोडून पथकाने वाळूत खड्डे पाडले. तोफा आणि नाणी निघाली, तरी हे जहाज तेच कशावरून, हा प्रश्न होताच. १९८५ मध्ये घंटा वर आली. तिच्या कडेने कोरले होते : ‘द व्हिडा गॅली १७१६’. एवढी निःसंदिग्ध ओळख पटलेले चाच्यांचे हे पहिलेच जहाज मानले जाते.

अवशेषांच्या मालकीवरून राज्य आणि क्लिफर्ड यांच्यातला वाद न्यायालयात गेला. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लिफर्ड यांच्या बाजूने निकाल दिला.

स्पॅनिश चांदीची नाणी आणि आफ्रिकेतील अकान लोकांचे सोन्याचे दागिने यांचे नवल वाटतेच. अभ्यासकांना मात्र ओबडधोबड गाठी अधिक मोलाच्या वाटतात. गंजत्या लोखंडाभोवती वाळू आणि आसपासच्या वस्तू चिकटून त्या दगडासारख्या घट्ट होतात. आधी क्ष-किरणांनी आत काय आहे ते पाहायचे, मग हलक्या हाताने फोडायच्या. उत्खननात एक छोटा बूट, रेशमी मोजा आणि पायाचे हाड मिळाले. हाड आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचे ठरले. आईला न जुमानता बेलामीबरोबर गेलेल्या जॉन किंग या मुलाचा उल्लेख त्या काळच्या एका जबानीत आहे. तो पाय त्याचाच असावा, असे मानतात.