तोल कोण सांभाळतो, कान की मेंदू?

मान डावी-उजवीकडे भराभर हलवत ही ओळ वाचून पाहा. वाचता येते. आता मान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने मोबाइल हलवा. अक्षरे पुसट होतात. डोळे आणि मजकूर यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. पण पहिल्या वेळी मान वळल्याची वर्दी अंतर्कर्णाने मेंदूला दिली होती आणि मेंदूने डोळे तेवढेच उलट्या दिशेला फिरवून नजर जागेवर ठेवली होती. या सगळ्याला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो.

एवढे तत्पर इंद्रिय माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत माहीतच नव्हते. ॲरिस्टॉटलच्या काळापासून इंद्रियांची यादी पाचावर पक्की झाली होती. हे इंद्रिय निसटले यात नवल नाही. डोळे मिटता येतात, कानांत बोळे घालता येतात. तोलाचे इंद्रिय मात्र बंद करून पाहता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षण क्षणभरही थांबत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दलचे बरेचसे ज्ञान ज्यांच्यात ते बिघडले त्यांच्याकडून मिळाले, आणि तेही फार उशिरा.

अवयव मात्र केव्हाच सापडला होता. गाब्रिएले फालोप्पिओ या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १५६१ मध्ये कानाच्या आतल्या हाडात दडलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचे वर्णन केले. अठराव्या शतकात दोमेनिको कोतुन्यो आणि अँतोनिओ स्कार्पा यांनी त्या पोकळीतला द्रव आणि हाडाच्या आतले नाजूक पडद्याचे जाळे दाखवून दिले. रचना कळली, पण काम कळले नाही. नलिका कानात आहेत म्हणजे त्या ऐकण्यासाठीच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले. त्या एकमेकींना जवळपास काटकोनात असल्यामुळे आवाज कुठून आला हे त्यांच्यामुळे कळत असावे, असाही तर्क लढवला गेला. काटकोनाचा धागा बरोबर पकडला होता, पण तो जोडला भलतीकडेच.

चक्कर येणे हा तर निव्वळ मेंदूचा विषय मानला जाई. यान पुर्किन्ये याने १८२० मध्ये स्वतःला आणि इतरांना गरगर फिरवून एक सुरेख गोष्ट टिपली. फिरताना डोके ज्या स्थितीत असेल त्यावर नंतरच्या चकरेची दिशा ठरते. डोके खांद्याकडे कलते ठेवून फिरलात आणि थांबल्यावर सरळ केलेत, तर जगही वेगळ्याच पातळीत फिरू लागते. निरीक्षण अचूक होते. पण मेंदूचा मऊ गोळा कवटीच्या मागे रेंगाळत असावा, असे स्पष्टीकरण त्याने दिले. ज्या द्रवाला हे रेंगाळणे खरोखर लागू पडते तो काही सेंटिमीटर बाजूला, कानातच होता.

त्याच दशकात पॅरिसमध्ये प्येर फ्लूरांस कबुतरांवर प्रयोग करत होता. आडवी नलिका कापली की कबुतराचे डोके आडव्या पातळीत डोलायचे आणि ते गोलगोल फिरायचे. उभी नलिका कापली की ते कोलांट्या खायचे. जी नलिका कापली तिच्याच पातळीत हालचाल बिघडे, आणि ऐकू मात्र येत राही. याच माणसाने कबुतरांचा लहान मेंदू, म्हणजे मोठ्या मेंदूच्या मागे-खाली असलेला वेगळा भाग, काढून पाहिला होता. त्या पक्ष्यांना दिसे, ऐकू येई, पण उभे राहणे, चालणे, उडणे यांतला मेळ तुटे. म्हणजे तोलाच्या साखळीची दोन्ही टोके एकाच्याच टेबलावर होती. तरीही हे एक इंद्रिय आहे, ते काहीतरी मोजते आणि कळवते, हा निष्कर्ष त्याने काढला नाही. नलिकांमध्ये हालचालींना आवर घालणारे बळ असावे, इथेच तो थांबला.

माणसाच्या आजाराशी हे सारे जोडले ते प्रॉस्पेर मेनिएर याने. पॅरिसमधल्या बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेत तो वैद्य होता. त्या काळी अचानक भोवळ येऊन, उलट्या होऊन कोणी कोसळले की मेंदूत रक्त साचले असे निदान होई आणि उपचार म्हणून रक्त काढले जाई, जळवा लावल्या जात. मेनिएरला वर्षानुवर्षे असे रुग्ण दिसत होते ज्यांना भोवळीबरोबर कानात गुणगुण होई, ऐकू कमी येई आणि झटका ओसरल्यावर मेंदूच्या आजाराची एकही खूण उरत नसे. जानेवारी १८६१ मध्ये त्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे सांगितले की दोष कानात आहे. अकादमीवर फारसा परिणाम झाला नाही आणि पुढच्याच वर्षी तो वारला. या सगळ्या इतिहासातले सर्वांत धाडसाचे पाऊल मी यालाच मानतो. त्याच्याकडे उपचार नव्हता, पण ज्यांचे रक्त विनाकारण काढले जात होते त्यांना त्याने निदान त्या छळातून सोडवण्याची वाट दाखवली.

मग १८७० मध्ये फ्रिड्रिख गोल्ट्झने या नलिका डोक्याचा तोल कळवणारे इंद्रिय आहेत असे स्पष्ट म्हटले, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच असा योग जुळून आला की आजही थक्क व्हावे. एकमेकांचा पत्ता नसलेली तीन माणसे जवळपास एकाच वेळी एकाच उत्तराशी पोहोचली. प्रागमधला भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख रेल्वेने जाताना वळणावर बाहेरची झाडे आणि घरे तिरकी का दिसतात याच्या विचारात पडला आणि त्याने फिरती खुर्ची बांधली. व्हिएन्नातला योझेफ ब्रॉयर रुग्ण तपासून उरलेल्या वेळात कबुतरांवर काम करायचा. पुढे फ्रॉइडबरोबरच्या लेखनामुळे प्रसिद्ध झालेला ब्रॉयर तो हाच. तिसरा एडिंबरोतला रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन. पहिल्या दोघांनी १८७३ च्या नोव्हेंबरात आणि तिसऱ्याने १८७४ च्या जानेवारीत आपले म्हणणे मांडले.

उत्तर जडत्वाचे होते. पाण्याने भरलेले वाटोळे भांडे झटकन फिरवले तर आतले पाणी क्षणभर मागे राहते. डोके वळले की नलिकेतला द्रव तसाच मागे राहतो आणि नलिकेच्या फुगीर भागातल्या संवेदी पेशींवरची लव वाकते. फिरणे एकाच वेगाने चालू राहिले तर द्रवही त्या वेगाला येतो, लव सरळ होते आणि डोळे बांधलेल्या माणसाला आपण थांबलो असेच वाटते. त्याला खरोखर थांबवले की द्रव पुढे जात राहतो आणि तो उलटा फिरत असल्याची शपथ घेतो. क्रम ब्राउनने आणखी एक गोष्ट ओळखली. दोन्ही कानांतल्या मिळून सहा नलिका तीन जोड्यांनी काम करतात. एका बाजूचा संकेत वाढतो तेव्हा जोडीदाराचा घटतो. मेंदू या दोहोंतला फरक वाचतो. चक्कर समजून घ्यायची तर हा फरकच कळीचा आहे. स्थिर बसलेल्या माणसाचेही दोन्ही कान सतत सारखे संकेत पाठवत असतात. आजाराने एक बाजू अचानक गप्प झाली की मेंदूला फरक दिसतो, आणि फरकाचा त्याला माहीत असलेला अर्थ एकच असतो: डोके फिरते आहे.

सरळ रेषेतली गती आणि डोक्याचा कल मोजण्याचे काम नलिकांशेजारच्या दोन पिशव्यांचे. तिथे संवेदी पेशींवर कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म खड्यांचा थर असतो. याचा सर्वांत देखणा पुरावा आलोइस क्राइडलने १८९३ मध्ये दिला. कोळंबीच्या जातीचे काही प्राणी कात टाकल्यावर आपल्या तोलाच्या पिशवीत वाळूचे नवे कण भरून घेतात. क्राइडलने वाळूऐवजी लोखंडाचा चुरा ठेवला आणि मग लोहचुंबक जवळ आणला. खाली कुठे आहे हे त्या प्राण्याला आता चुंबक सांगू लागला आणि त्याप्रमाणे त्याने अंग तिरके केले.

माणसांतला पुरावा बहिऱ्या लोकांनी दिला. विल्यम जेम्सने १८८२ मध्ये ५१९ मूकबधिरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या १८६ जणांना गरगर फिरवूनही चक्कर येत नव्हती. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासा यांनी अकरा बहिऱ्या पुरुषांना प्रयोगांत सामील करून घेतले. त्यांतल्या बहुतेकांचा अंतर्कर्ण लहानपणी मेंदूज्वराने निकामी झालेला होता. खवळलेल्या समुद्रात जहाजावरचे संशोधक ओकाऱ्या काढत असताना ही मंडळी निवांत पत्ते खेळत होती. अंतराळ प्रवासाच्या वैद्यकशास्त्रावर त्यांचे ऋण आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी व्हिएन्नाच्या रोबेर्ट बारानीने दिली. कान धुताना पाणी गार असले तर रुग्णाला भोवळ येते आणि डोळे एका दिशेला झटके देतात, गरम असले तर उलट दिशेला, आणि अंगाएवढे कोमट असले तर काहीच होत नाही, हे त्याने पाहिले. तापमानामुळे नलिकेतला द्रव वर-खाली वाहत असणार, हे त्याने ओळखले. आता दोन्ही कान वेगवेगळे तपासता येऊ लागले. त्याला १९१४ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. स्वीडनच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये सुटला. त्याच्या स्पष्टीकरणाची परीक्षा १९८३ मध्ये अंतराळात झाली. वजनरहित अवस्थेत गरम द्रव वर चढत नाही, तरी अंतराळवीरांचे डोळे हललेच. म्हणजे त्याने सांगितलेले कारण खरे असले तरी एकमेव नव्हते.

इथवर पारडे पूर्णपणे कानाकडे झुकले होते. ते पुन्हा मेंदूकडे सरकायला दुसरी एक दुर्घटना कारण झाली. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४० च्या दशकात आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले, पण काहींच्या अंतर्कर्णातल्या संवेदी पेशी मारल्या. अशाच एका अमेरिकी डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. दोन्ही बाजूंचा तोल गेल्यावर अंथरुणात वाचतानाही नाडीच्या ठोक्यासरशी डोके किंचित हले आणि तेवढ्याने अक्षरे उड्या मारत. खाटेच्या गजांत डोके अडकवले तरच त्याला वाचता येई. चालताना समोरच्याचा चेहरा ओळखायचा तर थांबावे लागे. पण हळूहळू तो सावरला. कान दुरुस्त झाला नव्हता. डोळे, स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या माहितीवर त्याचा मेंदू काम भागवायला शिकला होता.

मेंदू किती शिकू शकतो हे माँट्रियलमध्ये १९७० च्या दशकात दिसले. गोन्शॉर आणि मेलव्हिल जोन्स यांनी लोकांना डावे-उजवे उलटे दाखवणारे लोलक दिवसरात्र घालायला लावले. सुरुवातीचे हाल संपल्यावर काही आठवड्यांत त्यांची मान वळताना डोळे फिरवण्याची प्रतिक्रियाच पालटू लागली, तीही अंधारात, जिथे लोलकाचा काहीच संबंध नव्हता. कानापासून डोळ्याच्या स्नायूपर्यंतचा रस्ता जेमतेम तीन चेतापेशींचा आहे, हे लोरेंते दे नो याने १९३३ मध्येच दाखवले होते. एवढा छोटा, जन्मजात वाटणारा रस्ताही लहान मेंदू सतत जुळवत असतो. मांजरांच्या लहान मेंदूचा त्यासाठीचा भाग काढला की हे जुळवणे थांबते, हे डेव्हिड रॉबिन्सनने १९७६ मध्ये सिद्ध केले. फ्लूरांसच्या दोन कबुतरांचे कोडे माझ्या मते तेव्हा कुठे सुटले. कान मोजतो. मेंदू ते मोजमाप डोळे आणि पायांच्या माहितीशी ताडतो आणि चूक दिसली तर स्वतःला बदलतो.

हा विचार रुग्णांपर्यंत मात्र रेंगाळतच पोहोचला. भोवळ आली की पडून राहा हा सल्ला जुना. लंडनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात नेमके उलटे सुचवले. मान आणि डोळे मुद्दाम हलवा, चक्कर येईल एवढे हलवा, कारण चूक जाणवल्याशिवाय मेंदू ती सुधारणार नाही. कूस बदलताच येणाऱ्या भोवळीची गोष्ट तर चीड आणणारी आहे. बारानीने तिचे वर्णन १९२१ मध्ये केले. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये तपासणीची पद्धत दिली. पिशवीतले खडे सुटून नलिकेत शिरतात हे कारणही पुढे कळले. अमेरिकेतल्या जॉन एप्लीने डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत घालवण्याची युक्ती १९८० मध्ये दाखवली, तेव्हा सहव्यावसायिकांनी ती मनावर घेतली नाही. त्याचा प्रमुख लेख १९९२ मध्ये छापला गेला. काही मिनिटांचा, औषध नसलेला हा उपाय आज जगभर वापरला जातो.

ज्यांच्या दोन्ही बाजू कायमच्या गेल्या आहेत त्यांच्यासाठी आता यंत्र घडते आहे. ते डोक्याचे वळणे मोजते आणि कानात बसवलेल्या विद्युतअग्रांतून तिन्ही नलिकांच्या मज्जातंतूंना संकेत देते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये आठ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे उभे राहणे आणि चालणे सुधारले. मात्र यंत्र बसवलेल्या कानाची श्रवणशक्ती घटली, कारण श्रवण आणि तोल या दोन्ही इंद्रियांचा द्रव एकाच पोकळीतला आहे, आणि एकाला धक्का न लावता दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचायचे यावर शल्यविशारदांचे काम चालू आहे.